पेन्सिल उडाली नाही

मार्लिस हॉगनच्या मनात एकदा आलं की आलं. मग प्रत्यक्ष देव दारात उभा राहिला तरी ती त्याला म्हणणार, "जरा थांब, माझं होऊ दे आधी." सगळा गाव हे ओळखून होता. गावातली निम्मी पोरं तिच्या शाळेच्या बसमधून वाढली होती. मागच्या बाकावर दंगा करणाऱ्याला ती भर बर्फात उतरवायची आणि पुढच्या वळणापर्यंत पायी यायला लावायची. आता ती पोरं स्वतः बाप झाली होती आणि हे आपल्या पोरांना कौतुकाने सांगत होती.

तर अशी मार्लिस ऑक्टोबरातल्या एका दुपारी दीर लॉइडच्या पिकअपमधून डार्लाच्या बंदुकीच्या दुकानासमोर उतरली. घरापासून सुरू झालेलं दोघांचं भांडण गाडीबरोबर इथवर आलं होतं.

"मिरचीचा फवारा पुरतो, मार्लिस," लॉइड म्हणाला. "तोंडावर मारला की अस्वल शिंकत पळतं. रिव्हॉल्व्हर कशाला हवंय तुला या वयात?"

"या वयात म्हणजे? तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा आहेस, विसरलास का?"

"बरं, न्यायचंच असेल तर ऑरिनचं ने. घरात पडलंय ते. आणि मी रायफल घेऊन मागून येतो, म्हणजे प्रश्नच मिटला."

"तू येणार नाहीस. किती वेळा सांगू? उद्या मी एकटी जाणार."

तेच तर खरं दुखणं होतं. ऑरिन, मार्लिसचा नवरा, वसंतात गेला. त्याची राख कॉफीच्या डब्यात घालून तिने स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवली होती. बर्फ पडायच्या आत ती वर कॉपर तळ्यावर नेऊन सोडायची, एकटीने, असं तिने ठरवलं होतं. वाट उभ्या चढणीची. त्यातून शरद ऋतू म्हणजे अस्वलं झोपी जाण्याआधी मिळेल ते खात हिंडतात. लॉइड आठवडाभर तिच्या मागे लागला होता. त्याला ती दुबळी म्हातारी वाटते, स्वतःला सांभाळू शकेल असा भरवसा त्याला नाही, याचाच तिला संताप होता. बाकी काही नको, पण माणसाने माणसावर विश्वास टाकावा की नाही?

"निदान परत किती वाजेपर्यंत येशील ते तरी सांग," लॉइड दुकानाचं दार ढकलत म्हणाला. "आणि कुत्रा? तो येतोय ना बरोबर?"

"त्याला शेजारी पॅटकडे दिलाय. चढवणार नाही त्याला."

"आणि परत कधी?"

"बघू," मार्लिस म्हणाली आणि आत शिरली.

आत तेलाचा आणि कातड्याचा वास भरलेला होता. भिंतीवरच्या भुसा भरलेल्या एल्क हरणाच्या शिंगांवर कुणीतरी बेसबॉलची टोपी अडकवली होती. काउंटरमागे डार्ला सूर्यफुलाच्या बिया चघळत उभी होती. मार्लिसला बघताच तिने टरफलं झटकन कपात थुंकली. डार्लाची चाळिशी उलटली होती, तरी बसमधली भीती काही जात नाही.

"मिसेस हॉगन! या ना. ऑरिनचं ऐकलं तेव्हा फार वाईट वाटलं."

"वाटणारच. चांगला होता. मला रिव्हॉल्व्हर दाखव. डोंगरात न्यायला."

डार्लाने काउंटरवर रबरी चटई पसरली आणि त्यावर तीन रिव्हॉल्व्हरं मांडली. मग ती बोलायला लागली आणि लॉइड कंटाळून खिडकीपाशी गेला, कारण डार्ला एकदा या विषयावर सुरू झाली की गाईचं दूध काढून होईपर्यंत थांबत नाही.

"हे थोरलं. खरं अस्वलासाठी केलेलं. पण उडवलंत की मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या. आणि वजन बघा. लोक हौसेने घेतात, एकदा चढण चढतात आणि पुढच्या वेळी घरीच ठेवून जातात. घरी राहिलेलं रिव्हॉल्व्हर काय कामाचं? हे मधलं घ्या. गंजत नाही, हाताला बसतं. मात्र कमरेला बांधायचं नाही हं. सॅकचा पट्टा आडवा येतो, आणि तुम्ही पट्टा सोडवेपर्यंत अस्वल जेवून हात धुतं. छातीवर बांधायचं, हे असं."

"आणि हे?" मार्लिसने तिसरं उचललं. लहानसं, हलकं, मुठीत मावणारं.

"ते शहरातल्या बायकांचं. पर्समध्ये ठेवायला. हे घेऊन अस्वलापुढे गेलात तर ते आधी हसेल आणि मग खाईल."

"मला हेच बरं वाटतं."

"अहो, याने अस्वल मरायचं नाही. चिडेल नुसतं."

"चालेल."

डार्लाचं चघळणं थांबलं. "बरं, मग सरावाला दोन-तीन डब्या तरी गोळ्या घ्या. मागे नेमबाजीची रेंज आहे, मी शिकवते. हाताला सवय नसेल तर…"

"सरावबिराव काही नको. सोपं आहे ना? झालं तर मग." मार्लिसने खांद्यावरची कापडी पिशवी काउंटरवर ठेवली. "आणि बदल्यात हे घे. ऑरिनचं. मला जड होतं."

पिवळ्या फ्लॅनेलच्या फडक्यात गुंडाळलेलं ते जुनं रिव्हॉल्व्हर तिने बाहेर काढलं, आणि खिडकीपाशी उभा असलेला लॉइड एकदम वळला.

"ते कशाला आणलंस?"

"विकायला. मला काय त्याची आरती ओवाळायचीय?"

"ते ऑरिनचं आहे, मार्लिस. राहू दे ना घरात. मी घेतो हवं तर विकत."

"आता का? गाडीत तर 'ऑरिनचं ने, ऑरिनचं ने' चाललं होतं तुझं." तिने दिराकडे पाठ केली. "डार्ला, तुला अस्वलाची गोष्ट माहीत आहे का?"

डार्लाला माहीत होती. गावात कुणाला माहीत नव्हती? पण मार्लिसला ती सांगायचीच असते, आणि तिच्या तोंडून ऐकावी अशीच ती होती.

"आम्ही तळ्याकडून उतरत होतो. मी पुढे. वळणावर हकलबेरीच्या झुडपातून ही एवढी मादी उठली, मागे दोन पिल्लं. मी ओरडायच्या आत ती सुटली आमच्या अंगावर. आणि हा ऑरिन, ज्याला घरात उंदीर निघाला तरी मला हाक मारायची सवय, त्याने मला दंडाला धरून मागे ओढलं आणि स्वतः पुढे झाला. हे रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत धरून. हलला नाही, डार्ला. बोलत राहिला तिच्याशी, हळू आवाजात, वासराशी बोलतात तसा. ती धाड धाड करत आली आणि इथून त्या दारापर्यंत असेल एवढ्यावर थांबली. फुरफुरली. वळली. गेली. मी म्हटलं, मेल्या, गोळी का नाही झाडलीस? तर म्हणतो कसा, 'तिची पिल्लं होती ना गं.' असा माणूस! हातात मरण असून वापरलं नाही त्याने. केवढी छाती लागते त्याला!"

लॉइडने टोपी काढली होती आणि तिची कड बोटांनी कुस्करत होता.

"छातीच होती त्याला," डार्ला म्हणाली. तिने फडकं सोडलं, चक्री उघडून आत गोळ्या नाहीत याची खात्री केली, नळीतून उजेड बघितला. "जपलंय छान. एक चाचणी घेते आणि आकडा सांगते."

त्या भागात जुनं हत्यार विकत घेताना हे करतातच. काउंटरवरची खोडरबराची पेन्सिल तिने नळीत तोंडाकडून सोडली, खोडरबर खाली, आणि रिव्हॉल्व्हर छताकडे धरलं. चाप ओढला की मागचा घोडा आपटतो, त्याच्या नाकावरची गोळी पेटवणारी टोचणी पुढे येते, पेन्सिलीला ढुशी देते आणि पेन्सिल टुणकन वर उडते. पोरांना फार आवडतो हा खेळ.

डार्लाने चाप ओढला. खट्‌ झालं. पेन्सिल जागच्या जागी.

"अडकली वाटतं," ती पुटपुटली. पेन्सिल हलवून तिने पुन्हा ओढला. खट्‌. आणखी एकदा. खट्‌.

पेन्सिल उडाली नाही.

डार्लाने पेन्सिल काढून ठेवली, दिवा जवळ ओढला, डोळ्याला भिंग लावलं. "मिसेस हॉगन, याला टोचणीच नाही."

"मोडली असेल पडून. जुनं आहे."

"मोडलेली नाही. कानशीने घासून सपाट केलीय, आणि वरून गुळगुळीत केलीय, उगाच नजरेत भरू नये म्हणून. धातू काळा पडलाय बघा तिथला. फार वर्षं झालीत याला. यातून गोळी सुटलीच नसती. तुम्ही कितीही चाप ओढा."

मार्लिस हसली. खरंच हसली, मोठ्याने. "काहीतरीच! अगं, अस्वलापुढे उभा होता तो हे घेऊन. आत्ताच नाही का सांगितलं?"

डार्ला तिच्याकडे बघत नव्हती. ती लॉइडकडे बघत होती. मार्लिसनेही मान वळवली. हा धिप्पाड माणूस, दोन बैलांची ताकद असलेला, टोपीत तोंड खुपसून उभा होता.

"लॉइड," मार्लिस म्हणाली. हा बसमधला आवाज होता. "बोल."

"मी घासली," लॉइड म्हणाला. "माझ्या शेडमध्ये. ऑरिन शेजारी दिवा धरून उभा होता."

"कधी?"

"इंगा गेली त्या हिवाळ्यात."

मार्लिसने काउंटरची कड धरली. इंगाचं नाव गेल्या कित्येक वर्षांत कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं. तिची आणि ऑरिनची एकुलती एक पोर, नुकती पावलं टाकायला लागलेली. तीन दिवसांच्या तापात गेली. पुढे मूल झालं नाही.

आणि त्या हिवाळ्यातली ती सकाळ. ऑरिन गुरांना चारा घालायला गेला होता. तिने खणातून हे काढलं होतं आणि न्हाणीघरात दार लावून, ते मांडीवर घेऊन बसली होती. किती वेळ बसली देव जाणे. मग कुत्र्याने बाहेरून दार ओरबाडायला सुरुवात केली, थांबेचना मेला. शेवटी ती उठली, त्याला खायला घातलं, रिव्हॉल्व्हर फडक्यात गुंडाळून होतं तसं खणात ठेवून दिलं. कुणाला कळलं नाही. कुणाला म्हणजे कुणालाही. ही एक गोष्ट तिची एकटीची होती, आणि ती घेऊन ती इतकी वर्षं जगली होती.

"त्याला काय माहीत होतं?" मार्लिसने विचारलं.

"त्या दिवशी संध्याकाळी आला माझ्याकडे. हे घेऊन. शेडमध्ये शेगडी पेटलेली होती तरी दात वाजत होते त्याचे." लॉइडने फ्लॅनेलच्या फडक्याकडे बोट केलं. "म्हणाला, मी हे नेहमी नुसतं गुंडाळून ठेवतो. आज याची घडी घातलेली होती. त्रिकोणी. बाळाच्या लंगोटाला घालतात तशी."

डार्लाने तोंडावर हात ठेवला.

मार्लिस आपल्या हातांकडे बघत राहिली. हेच ते हात. वर्षभर दिवसातून दहा वेळा त्यांनी तीच घडी घातली होती, आणि त्या सकाळीही, तिला न विचारता, घातली.

मग एकेक गोष्ट तिच्या अंगावर कोसळायला लागली. त्याच आठवड्यात ऑरिनने सगळ्या रायफली लॉइडकडे नेल्या होत्या. घरात ओल येते, गंजतात, म्हणाला होता. ती किती चिडवायची त्याला! शिकारीचा मोसम सुरू झाला की म्हणायची, बायको सोडून बाकी सगळं भावाकडे ठेव. तो हसायचा. चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, सगळा गाव डबे मांडून नेम धरायचा, तेव्हा हा म्हणायचा, गोळ्या अस्वलासाठी असतात, डब्यांसाठी नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या माणसाने ती जन्मभर झाकून ठेवली.

"मला सांगितलं का नाही?" ती किंचाळली. "दोघांनी मिळून माझ्यावर पहारा ठेवलात! मी स्वयंपाक करतेय, बस चालवतेय, नाताळात तुझ्या पोरांना मोजे विणतेय, आणि तुम्ही दोघं मनात म्हणताय, ही आज करते की उद्या करते! लाज नाही वाटली?"

"वाटली. रोज वाटली." लॉइडच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तो ते पुसतही नव्हता. "तुला विचारायची हिंमत नव्हती कुणात. मला नव्हती, त्याला नव्हती. आणि अस्वलाचं झालं ना, तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो. म्हटलं, गाढवा, आता तरी ते दुरुस्त करून घे. ती बरी आहे आता. मेला असतास की!"

"मग?"

"म्हणाला, दुरुस्त करायचं तर तिला सांगावं लागेल, मोडलं का होतं ते."

बाहेर एक ट्रक गेला आणि खिडकीची काच थरथरली.

मार्लिसला ते वळण दिसलं. ती मादी धावत येताना दिसली. आणि तिच्या पुढे ऑरिनची रुंद पाठ, चौकटीच्या शर्टाची. त्याला माहीत होतं. हातात आहे तो लोखंडाचा ठोकळा, हे त्या क्षणी त्याला पक्कं माहीत होतं. तरी त्याने तिला मागे ओढलं. आणि ती एवढी वर्षं गावभर सांगत सुटली होती की त्याच्या हातात मरण होतं आणि त्याने वापरलं नाही! काहीच नव्हतं त्या माणसाच्या हातात. रिकाम्या हातांनी उभा होता तो.

ती गोळ्यांच्या खोक्यावर मटकन बसली. जरा वेळाने उठली, नाक पुसलं, केस मागे सारले.

"बरं. झालं ते झालं," ती म्हणाली. "डार्ला, ते लहानगं बांधून दे. मला जायचंय."

डार्लाने ते उचललं नाही. तिने पुन्हा लॉइडकडे पाहिलं.

"त्याच्याकडे काय बघतेस?" मार्लिस कडाडली. "गिऱ्हाईक मी आहे! पुरे झालं माझ्या पाठीमागे बघणं. काय विचारायचंय ते मला विचार!"

डार्लाचा चेहरा पांढरा पडला होता, पण ती काउंटरवर दोन्ही हात टेकून उभी राहिली.

"विचारते. मी सातवीत होते, मिसेस हॉगन. बसमध्ये रडत होते. तुम्ही बस बाजूला घेतलीत आणि सगळ्यांसमोर विचारलंत, काय झालं. मी म्हटलं, काही नाही. तर तुम्ही म्हणालात, त्या काही नाहीचं नाव काय, ते सांग. मी सांगितलं. म्हणून आज इथे आहे मी." तिने चटईवरच्या लहानग्या रिव्हॉल्व्हरकडे बोट केलं. "अस्वलासाठी आलेलं माणूस हे लहानगं घेत नाही. सराव नको म्हणत नाही. मिसेस हॉगन, हे तुम्हाला तुमच्या स्वतःसाठी तर नको ना?"

मार्लिसने 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. 'नाही' आलं नाही.

वेडी आहे का ही पोरगी? अस्वलासाठीच तर… अस्वलासाठी. तिने घरी भरून ठेवलेली सॅक मनातल्या मनात उघडून पाहिली. कॉफीचा डबा. पाण्याची बाटली. आणि? शिदोरी? नव्हती. बॅटरी? या दिवसांत तळ्यावरून उतरता उतरता अंधार पडतो, हे तिला चांगलं माहीत होतं. बॅटरी कपाटातच होती. फ्रिज काल धुऊन पुसून रिकामा केला होता, दूध पॅटला दिलं होतं. कुत्रा दिला होता. त्याचं ताटसुद्धा दिलं होतं. एका दिवसासाठी कुत्रा ठेवताना कुणी ताट देतं का? वर जाणारं माणूस परत कधी येणार ते सांगून जातं, तिने स्वतः शेकडो पोरांना हे शिकवलं होतं. लॉइडने आज दोनदा विचारलं, आणि ती म्हणाली, बघू.

चढण तिने पायरी न् पायरी मनात चढून पाहिली होती. उतरण एकदाही नाही.

"अरे देवा," मार्लिस म्हणाली. तिला आपलीच भीती वाटली, इतकी की अंगावर काटा उभा राहिला. "डार्ला, मला माहीतच नव्हतं गं. खरंच सांगते. मला वाटलं अस्वलासाठीच."

डार्ला काउंटरला वळसा घालून आली आणि तिने म्हातारीला मिठी मारली. इतक्या वर्षांत मिसेस हॉगनला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. मार्लिसने तिला ढकललं नाही.

लॉइडने ते लहानगं रिव्हॉल्व्हर चटईवरून उचललं आणि काचेच्या कपाटात, हात पोचेल तितकं आत सरकवलं. मिरचीच्या फवाऱ्याची डबी घेऊन त्याने पैसे टेकवले. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून म्हणाला, "शनिवारी हवा चांगली आहे. शनिवारी जाऊ या वर. मी मागून येईन. तळ्याजवळ तुला एकटीला सोडीन हवं तर, पण वाटेवर असेन."

"टोचणी नवी बसवून देऊ का याला?" डार्लाने ऑरिनच्या रिव्हॉल्व्हरकडे बघत विचारलं.

"नको," मार्लिस म्हणाली. "आजवर याच्यानेच भागलं."

तिने फडकं पसरलं आणि रिव्हॉल्व्हर त्यात ठेवलं. हात चालले. एक टोक इकडून, एक तिकडून, तिसरं खालून वर. घडी पुरी झाल्यावर तिने खाली पाहिलं, आणि लॉइडनेही पाहिलं. त्रिकोणी होती. लॉइडचा चेहरा कसनुसा झाला. तो नेहमीसारखा दुसरीकडे बघणार होता, पण मार्लिसने त्याची बाही धरली.

"शनिवार लांब आहे, लॉइड," ती म्हणाली. "आज माझ्याकडेच राहायला ये."